खालापूरच्या अंगणातली पाच अंजिरं

आमच्या पुरंदरातून कर्जत-खालापूरकडे कुणी अंजीर बघायला जात नाही. तिकडचीच माणसं आमच्याकडे येतात आणि टोपल्या भरून नेतात. अंजिराला कोरडी हवा लागते, रात्रीचा गारवा लागतो. घाटाखाली दोन्ही नाही. तरी गेल्या आश्विनात मी चार दिवस तिकडे जाऊन आले, ते अंजिराची झाडं बघायलाच. निदान बोलावणं तरी तसं होतं.

रोहिणी माझी धाकटी मुलगी. तिला खालापूर तालुक्यातल्या एका गावात दिली होती. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांना तिथंच राहायचं आहे. जावई महेश खोपोलीकडच्या एका कारखान्यात पाळीनं कामाला जातात आणि घरची भातशेतीही बघतात. रोहिणी अंजिराच्या बागेत वाढलेली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला माहेरी आली आणि जाताना आमच्या झाडाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून घेऊन गेली. तिचे वडील म्हणाले, "अगं, तिथं डब्यातलं मीठसुद्धा पाणी धरतं. अंजीर कसलं टिकतंय?"

"आपलं नाही टिकलं तर दुसरं कुठलं तरी टिकेल," ती म्हणाली. "बघते तर खरं."

मग तिनं रोपवाटिकांतून एकेक जात आणून लावली. आमचं फोनवरचं निम्मं बोलणं त्या झाडांचंच असायचं. कुणाला पालवी फुटली, कुणाची पानं गळाली, कुणाचं फळ पावसात आंबलं.

मागच्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत तिला ताप आला. साठलेल्या पाण्यातून होतो तो, लेप्टो म्हणतात त्याला. आठवडा भरायच्या आत ती गेली.

वर्षश्राद्ध होऊन गेल्यावर एके दिवशी महेशरावांचा फोन आला. "आई, झाडं बघून जाता का? अंगनात एक खोली काढायची हाय. सगळी ठेवता येनार नायत. कुठलं ठेवायचं ते तुमी सांगा."

मी यांना म्हटलं, जाऊ या. हे चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तू जा. मला ते अंगण बघवायचं नाही." मी छाटणीची कात्री पिशवीत टाकली आणि एकटीच निघाले.

शिळफाटा

घाट उतरून एसटी खोपोलीत शिरली की हवा बदललेली डोळे मिटूनही कळते. आमच्याकडे आश्विनात पहाटे गोधडी लागते. इथं शिळफाट्याला उतरले तर सकाळच्याच वेळी पोलकं पाठीला चिकटलं. बाजार फुलला होता. झेंडूचे ढीग, डोंगरातून आलेल्या बायकांसमोर मांडलेले करांद्याचे कंद, कडेला वड्याची कढई. महेशराव मोटरसायकल घेऊन उभे होते. वर्षात माणूस वाळून गेला होता. त्यांनी वाकून नमस्कार केला, माझी पिशवी पुढं टांगली आणि विचारलं, "वडा खानार का आई? गरम हाय."

मी नको म्हटलं, तरी त्यांनी कागदात बांधून घेतला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं. काही खाचरांत कापणी लागली होती. आम्ही ज्वारी-बाजरीची माणसं, भात असा ताटाबाहेर दूरवर पसरलेला बघायची सवय नाही. दर वेळी इथं येताना मला हे फार आवडायचं. या वेळी मी खाचरांतल्या पाण्याकडे बघत राहिले. बऱ्याच ठिकाणी ते अजून आटलेलं नव्हतं.

अंगण

विहीणबाई दारातच होत्या. माझा हात धरून आत घेऊन गेल्या. तांदळाची भाकरी, सुकट आणि अळूचं फदफदं असं जेवण होतं. आमच्याकडे भाकरी थापताना आवाज होतो. त्या उकड काढून, पाण्याचा हात लावून, अगदी गुपचूप भाकरी करतात. रोहिणीला ती शिकायला वर्ष लागलं होतं. हे आठवलं आणि भाकरीचा तुकडा हातातच राहिला. विहीणबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "सावकाश खावा ताई. काय घाई नाय."

उन्हं कलल्यावर मी झाडं बघायला उठले. पावसाळ्याच्या शेवटाला बघितलेलं झाड खोटं बोलत नाही. जे भिजून, कुबट हवा खाऊन पानं राखून असतं, तेच अशा मुलखात ठेवावं.

पहिलं आमचं पुरंदरचं, पुना अंजीर. तांबेऱ्याच्या रोगानं त्याची पानं खाऊन टाकली होती. शेंड्याला चार-पाच पानं, खाली नुसत्या काठ्या. फळं फुटून लोंबत होती, त्यांवर चिलटं. शेजारचं दिनकर जातीचं. ते पुना जातीतूनच निवडलेलं, त्याची गतही तीच. तिसरं डायना. झाड दांडगं, पानं बरी, फळ मोठं आणि देखणं. पण फळाच्या बुडाला जो डोळा असतो तो उघडा. फोडलं तर आत पाणी आणि मुंग्या, वास ताकासारखा. कोरड्या हवेत उघड्या डोळ्याचं काही वाटत नाही; इथं त्यातूनच पाऊस शिरतो आणि फळ आतून आंबतं. चौथं ब्राऊन टर्की. ठिपके पडले होते, तरी निम्मी पानं धरून होतं. फळं बेताची, खाण्यासारखी.

पाचवं अंगणाच्या मधोमध होतं. पानं हिरवी, दाट. फळ लहान, तपकिरी-जांभळं, आणि डोळा घट्ट मिटलेला, त्यावर डिंकासारखा एक थेंब. मी एक तोडून खाल्लं. ऐन ओल्या दिवसांचं फळ, पण आमच्या उन्हाळ्यातल्या बहारासारखं गोड होतं.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"त्याला नाव नाय," महेशराव म्हणाले. "भिवपुरीच्या पॉवरहाऊसच्या क्वार्टर्समदी एक जुनं झाड होतं. तिनंच तिथून काडी आनली. ती त्याला भिवपुरीच म्हनायची."

"मग हेच ठेवा. दुसरं ठेवायचं तर ब्राऊन टर्की. बाकीची काढलीत तरी चालतील. पुना तर आधी काढा, तांबेरा त्याच्यावरूनच पसरतो."

 महेशराव पायानंच त्या झाडाच्या बुडाशी मातीत रेघ ओढून म्हणाले, "खोली हितं येनार, आई. बरोबर हितं. पलीकडं चुलत्यांची हद्द हाय, अलीकडं विहीर."

"एवढं कशाला अडलंय खोलीचं? तुम्ही दोघंच तर आहात घरात."

ते विहिरीकडं बघू लागले. ओटीवरून विहीणबाईच म्हणाल्या, "सांग ना रं महेश. कदी ना कदी सांगायचंच हाय."  शेवटी विहीणबाईंनीच सांगितलं. "ताई, त्याचं लगीन ठरवलंय. तुळशीचं लगीन झाल्यावर. पोरगी चांगली हाय, सुगंधा नाव तिचं. शिळफाट्याला शिवनकाम करते. आता नवीन मानसाला रोहिनीच्या खोलीत कसं ठेवायचं? ह्याचं मन होत नाय. म्हनून दुसरी खोली."

मी म्हटलं, "मला झाडं बघायला बोलावलं होतंत का हे सांगायला?"

"दोन्ही," महेशराव खाली बघत म्हणाले. "फोनवर सांगायचा धीर नाय झाला."

वर्ष झालं, माणूस तरुण आहे, हे होणार, हे मला कळत होतं. घरी मी यांना तसं बोललेही होते. पण त्या मातीतल्या रेघेसमोर उभं राहून ते ऐकणं वेगळं होतं. मला तिथं थांबवेना. मी विहिरीच्या बाजूनं मागं निघाले आणि शेवाळावरून पाय सटकून सपशेल पडले.

घोटा सुजला. महेशराव धावत आले, मला उचलून ओटीवर बसवलं, आंबेहळद उगाळून आणली आणि माझा पाय मांडीवर घेऊन लेप लावू लागले. आमच्याकडे जावयानं सासूच्या पायाला असा हात लावलेला कुणी बघितला नसेल. राग आलेला होता, आणि ज्याचा आला होता तोच पायाशी बसून विचारत होता, "लय दुखतं का, आई?"

"दुखतं," मी म्हटलं.

भिवपुरी

दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, भिवपुरीचं मूळ झाड तिथं असेल तर अंगणातलं गेलं तरी चालेल, जात राहील. ते बघून येऊ. पाय बांधून, एका बाजूला बसून मी मोटरसायकलवर निघाले. कर्जत मागं पडलं की डोंगर जवळ येतो. पायथ्याला जाडजूड नळ उतरलेले, खाली पॉवरहाऊस आणि बैठ्या क्वार्टर्सच्या रांगा. आवार मोठं आणि शांत, झाडं जुनी.

महेशराव एका दारापाशी थांबले. आतून एक म्हाताऱ्या बाई आल्या. शेवंताबाई. नवरा इथंच नोकरीला होता, आता मुलगा आहे. महेशरावांना ओळखून त्यांचा चेहरा खुलला. "आलास का रं! आनि ती कुठं हाय तुजी अंजीरवाली? लय दिसांत फिरकली नाय. म्हनली व्हती, आजी, पयलं चांगलं फळ तुला आनून देते. फसवलं बघ मला."

महेशराव गाडीची किल्ली हातात फिरवत राहिले.  शेवंताबाई माझ्याकडं वळल्या.

"मी तिची आई," मी म्हटलं. "ती गेली, बाई. मागच्या वर्षी पावसाळ्यात. ताप आला होता."

रोहिणीच्या जाण्याचं मी स्वतःच्या तोंडानं कुणाला सांगायची ती पहिलीच वेळ होती. आमच्या गावात सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं.

शेवंताबाई खाली बसल्या.  मग आत जाऊन पाणी घेऊन आल्या, महेशरावांच्या हातात दिलं आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "माज्या दारात बसून ती कच्चीच फळं खायची," त्या म्हणाल्या. "मी म्हनायची, अगं चीक लागंल ओठाला. आयकायची नाय."

"घरीही नाही ऐकायची," मी म्हटलं.

झाड बघायचंय म्हटल्यावर त्या आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेल्या. तिथं बुंधा होता. गुडघ्याएवढा, काळा पडलेला, आत पोकळ. यंदाच्या वादळी पावसात झाड मोडून पडलं, फांद्या कापून नेल्या, कुणी काडी ठेवली नाही. शेवंताबाईंचा नवरा नोकरीला लागला तेव्हाच ते मोठं होतं. कुणी लावलं, कुठून आणलं, जात कुठली, हे सांगणारं आता कुणी नव्हतं. मी बुंध्याला कुठं फुटवा आहे का म्हणून वाकून बघितलं. बोटानं दाबलं तर लाकडाचा भुगा हाताला लागला.

परत येताना महेशराव मध्येच गाडी थांबवून म्हणाले, "तुमी म्हनाल तर खोली नाय बांधत. लगीन पुढं ढकलतो."

"उगाच काहीतरी बोलू नका," मी म्हटलं. "चला."

रोहिणीची खोली

घरी आल्यावर मी विहीणबाईंना खोली उघडायला सांगितली. त्या जरा थबकल्या. किल्ली त्यांच्या कमरेलाच होती.

दार ढकललं आणि कुबट वासाची लाट अंगावर आली. वर्षभर ना खिडकी उघडली होती ना दार. आरशावर तिच्या टिकल्या होत्या तशाच चिकटलेल्या. कपाट उघडलं तर कपड्यांवर पांढरी बुरशी चढली होती. लग्नातला शालू मी घडी मोडून बघितला, जरीच्या कडेला काळे डाग आणि बोट लावलं की धागा तुटत होता. चपला हिरव्या झाल्या होत्या. आमच्याकडच्या कोरड्या हवेत बंद खोलीत वस्तू वर्षानुवर्षं राहतात. माझ्या आईची लुगडी अजून ट्रंकेत धड आहेत. इथं मायेनं बंद करून ठेवलेली खोली आतून सडत होती आणि त्या माणसांना ते ठाऊक नव्हतं, कारण दार उघडायची कुणाची हिंमत नव्हती.

विहीणबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. "मला वाटलं, हात नाय लावला तर तशीच राहील सगळी," त्या म्हणाल्या.

मी पलंगावर बसले. दारातून अंगणातलं ते पाचवं झाड दिसत होतं. भिवपुरीचा बुंधा बघून आले नसते तर कदाचित मी म्हटलं असतं, राहू दे खोली, पाडा झाड. आता ती जात या एकाच अंगणात उरली होती. आणि खोलीत काय उरलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं.

"महेशराव," मी हाक मारली. "नवी खोली बांधायची नाही. ही रिकामी करू. चुना लावून घ्या, खिडकी मोठी करा. सुगंधा इथंच राहील."

ते उंबऱ्यात उभे होते. आत आले नाहीत. "आई, मला नाय जमनार ते बगायला."

"तुम्ही कामावर जा. मी करते. आणि तिला बोलवा. माझा पाय असा, मला एकटीला उरकायचं नाही."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिशी ओलांडलेली, सडपातळ, बोटाला सुईचे बारके डाग. वडील अंथरुणाला खिळलेले होते, त्यांचं करता करता लग्नाचं वय निघून गेलेलं. ते गेले आणि आता कुठं हे जुळलं होतं. ती अंगणातच घुटमळत राहिली. मीच म्हटलं, "ये गं आत."

आम्ही दोघींनी खोली रिकामी केली. ती एकेक कपडा उन्हात नेऊन झटकत होती आणि घडी घालून मला विचारत होती, हा ठेवू की टाकू. मला वाटलं होतं तिचा हात तिथं लागलेला मला सोसायचा नाही. पहिल्या साडीला नाहीच सोसला. मी ती तिच्या हातातून ओढूनच घेतली.  पुढची साडी तिनं उचलली नाही, मी देईपर्यंत थांबली. मग मी देत गेले.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "ताई कशा होत्या?"

मला चांगलं काहीतरी सांगता आलं असतं. मी म्हटलं, "उतावळी होती. धीर म्हणून नव्हता. सगळं आजच्या आज पाहिजे. फक्त झाडांच्या बाबतीत थांबायची."

दुपारी विहीणबाईंनी काकडी चिरून मीठ लावून दिली. ते मीठ खरंच ओलं होतं. मग मी कात्री घेऊन अंगणात गेले. आमच्या पुना अंजिराला आधी मीच हात घातला. फांद्या मी छाटल्या, बुंधा महेशरावांनी संध्याकाळी कामावरून आल्यावर कोयत्यानं तोडला. आमच्या बागेतलीच काडी ती, यांनी निवडून दिलेली. तिला तोडताना चीक हातावर उडाला आणि रात्रीपर्यंत खाज गेली नाही.

भिवपुरीच्या झाडाला मात्र मी सुगंधाला गुटी बांधायला शिकवली, फांदीलाच मुळं फुटून नवं रोप व्हावं म्हणून. एकच झाड असणं बरं नव्हे. अंगठ्याएवढ्या जाड फांदीची साल बांगडीसारखी काढायची, तिथं ओलं शेवाळ बांधायचं, वर प्लास्टिक घट्ट आवळायचं. तिची बोटं शिवणकामाची, माझ्यापेक्षा नीट बांधलं तिनं. निघायच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घेतला, महेशरावांनी शिळफाट्याला एसटीत बसवून दिलं. रोहिणीच्या दोन साड्या आणि एक स्वेटर एवढंच बरोबर घेतलं. तो स्वेटर तिनं तिकडे कधी घातलाच नव्हता.

घरी आल्यावर

यांना सगळं सांगितलं. लग्नाचंही. हे ऐकत राहिले, मग उठून बागेत गेले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत. लग्नाला आम्ही गेलो नाही. आहेर पाठवला.

मार्गशीर्षात एका दुपारी फोन आला. सुगंधा होती.

"गुटीला मुळं आली," ती म्हणाली. "पांढरी पांढरी, प्लास्टिकातून दिसतात. आता काय करू?"

मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनंच विचारलं, "तुमाला मी आई म्हनू का? हे म्हनतात तसं?"

पुढ्यात सुपात शेंगा होत्या. मी निवडत होते. हात थांबला. मुलगी चांगली होती. तिनं माझ्याबरोबर ती खोली झाडली होती, आता तिथं राहत होती. मी तिला एवढं दिलं होतं, हा एक शब्द द्यायला काय हरकत होती? मी खूप प्रयत्न केला.

"नको गं," मी म्हटलं. "मावशी म्हण."



"बरं, मावशी," ती म्हणाली. "मग आता काय करू सांगा."

मी सांगितलं. मुळांच्या खालून फांदी काप, प्लास्टिक हलकेच सोड, मुळं तुटू देऊ नको. कुंडीत निम्मी वाळू घाल, पाणी साचू देऊ नको. थोडे दिवस सावलीत ठेव, मग उन्हात. ती प्रत्येक वाक्याला "हां मावशी" म्हणत होती, आणि मी सांगून झालेलंच पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.